मरणाच्या रकान्यात काय लिहायचे?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे घराबाहेर दक्षिणेकडे वात करून एक दिवा लावतात. तो यमराजाचा. घरात अवेळी मरण येऊ नये, एवढेच मागणे त्या दिव्यामागे असते. तेव्हा दिवाळी अंकात मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. आपल्या वाडवडिलांनी ऐन सणात त्याला कणकेच्या दिव्याचा मान दिलेला आहे.

विषय आहे मोटर न्यूरॉन डिसीज या रोगाचा. मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत आणि तेथून स्नायूंपर्यंत हुकूम पोहोचविणाऱ्या ज्या पेशी असतात त्या या रोगात एकामागून एक मरतात. हुकूम येईनासा झाला की स्नायू सुकतो. प्रथम कोणाच्या हातातून सदऱ्याचे बटण सुटते, कोणाचे पाऊल उंबरठ्याला अडखळते, कोणाची जीभ जड होते. पुढे दोन्ही हात, दोन्ही पाय, गिळणे, बोलणे आणि सरतेशेवटी श्वास. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले विख्यात धन्वंतरी झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ पासून या रोगाचे बारकाईने वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्याच्या मुख्य प्रकाराला ते लांबलचक नाव दिले, ज्याची आद्याक्षरे ए. एल. एस. अशी आज सर्वत्र रूढ आहेत. या रोगाची एक विचित्र तऱ्हा अशी, की तो काही गोष्टींना बहुधा हात लावीत नाही. डोळ्यांची हालचाल शेवटपर्यंत राहते, स्पर्श कळतो, मलमूत्रावरचा ताबा सहसा सुटत नाही. पलंगावर निश्चल पडलेला माणूस डासाचा चावा पुरेपूर अनुभवीत असतो. मारता मात्र येत नाही.

असा रोगी ज्या घरात आहे तेथे आलेल्या डॉक्टरला पोचवायला घरचे माणूस जिन्यापर्यंत जाते आणि आवाज खाली आणून दोनच प्रश्न विचारते. किती दिवस? आणि, शेवट कसा होईल? पुस्तकी पंडित या प्रश्नांना बगल देतात. वास्तविक दोन्ही प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तरे आहेत, आणि ती मिळाली आहेत मेलेल्या माणसांच्या कागदपत्रांतून.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण भीती त्याचीच जास्त असते. रोग्याला पाणी पितानाही ठसका लागतो, लाळ आवरत नाही, आणि घरच्यांच्या मनात एक चित्र पक्के बसते, की हा माणूस एके दिवशी आमच्या डोळ्यांदेखत गुदमरून जाणार. या भीतीने कित्येक घरांतली माणसे रात्ररात्र जागतात. जर्मनी व इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी या भीतीचा शोध घेतला. पावणेदोनशेच्या घरात असलेल्या रोग्यांच्या अखेरच्या काळाची माहिती त्यांनी गोळा केली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीत शेकडा ८८ व इंग्लंडमध्ये शेकडा ९८ रोग्यांचा शेवट शांतपणे झाला होता. घास अडकून वा गुदमरून गेलेला त्यांत एकही नव्हता. अर्थात या रोग्यांची शुश्रूषा जाणत्या माणसांच्या हातून झाली होती हे विसरून चालणार नाही. पण ज्या घरात हा रोग शिरला आहे त्या घराने हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत.

मग मरण येते कसे? बहुतेकांना श्वासाच्या वाटेने. छाती आणि पोट यांच्यामध्ये जो स्नायूचा पडदा आहे तो दुबळा होतो. दिवसा माणूस मानेचे, खांद्याचे स्नायू वापरून कसेबसे भागवितो. रात्री, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, हे मदतनीस स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार त्या एकट्या पडद्यावर येतो. श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी उठताना डोके दुखते, दिवसभर पेंग येते, उताणे निजवत नाही, रात्री भलतीसलती स्वप्ने पडतात. घरचे समजतात अशक्तपणा आहे, काही टॉनिक द्यावे. वास्तविक ही श्वास कमी पडू लागल्याची सूचना असते. पुढे हा वायू वाढत गेला की गुंगी येते, गुंगीची ग्लानी होते, आणि पुष्कळदा झोपेतच प्राण जातो. काहींना मध्येच न्यूमोनिया गाठतो: खोकण्याची ताकद नसल्यामुळे कफ सुटत नाही आणि गिळताना अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरतो. क्वचित हालचाल बंद झालेल्या पायात रक्ताची गुठळी धरते आणि ती फुफ्फुसात जाऊन घात करते. अन्न कमी जाऊन झपाट्याने वजन घटलेला रोगी या सर्वांपुढे लवकर हार खातो.

आता पहिला प्रश्न. युरोपात दरवर्षी लाख लोकवस्तीमागे दोघातिघांना हा रोग होतो. पुरुषांना थोडा अधिक, आणि साठी-सत्तरीत सर्वांत जास्त. पहिल्या लक्षणापासून निम्मे रोगी दोन ते चार वर्षांत जातात. ज्यांचा रोग जिभेपासून व घशापासून सुरू झाला त्यांची मुदत सहसा कमी, हातापायापासून सुरू झाला त्यांची थोडी जास्त, तरुणांची वृद्धांहून जास्त. पण सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. शंभरातले निदान पाच-दहा जण दहा वर्षांची वेस ओलांडतात.

अमेरिकेचा बेसबॉलपटू लू गेरिग लागोपाठ २१३० सामने एकही न चुकविता खेळला होता. लोक त्याला लोखंडी घोडा म्हणत. १९३९ च्या जूनमध्ये, बरोबर त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, निदान झाले. २ जून १९४१ ला तो गेला. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. याउलट केंब्रिजचा एक विद्यार्थी. १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याला डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत दिली. तो स्टीफन हॉकिंग. २००१ च्या जानेवारीत तो मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आला होता, एकोणसाठावा वाढदिवस त्याने येथेच साजरा केला, आणि १४ मार्च २०१८ ला तो गेला तेव्हा त्याचे वय ७६ होते. नाव एकाच रोगाचे, मुदती अशा! डॉक्टरने "दोन वर्षे" म्हटले की घरचे कॅलेंडरवर खूण करतात. त्यांना हे दोन माणसे शेजारी ठेवून सांगितले पाहिजे.

मृत्यूच्या नोंदींनी या रोगाबद्दल सर्वांत अद्भुत गोष्ट कोठे सांगितली असेल, तर ती ग्वाम नावाच्या एका बेटावर. प्रशांत महासागरात, आकाराने बृहन्मुंबईच्या आसपास असे हे बेट. १८९८ मध्ये ते स्पेनकडून अमेरिकेकडे आले, दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या डिसेंबरपासून १९४४ पर्यंत जपान्यांच्या ताब्यात होते. तेथले मूळ रहिवासी चामोरो. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, हॅरी झिमरमन हे अमेरिकन आरमाराचे विकृतिशास्त्रज्ञ तेथे होते. एवढ्याशा बेटावर एका दुर्मिळ रोगाचे इतके रोगी कसे, हे प्रथम त्यांच्या लक्षात आले. पुढे लेनर्ड कर्लंड हे साथीच्या रोगांचे अभ्यासक गेले, घरोघर हिंडले, मृत्यूची जुनी दप्तरे चाळली. १९५४ मध्ये त्यांनी व डॉ. मल्डर यांनी जाहीर केले, की इतर जगाच्या मानाने हा रोग येथे पन्नास ते शंभर पट आहे.

बेटावरच्या लोकांना यात नवल नव्हते. त्यांच्या भाषेत या रोगाला 'लिटिको' असे नाव कधीचेच होते. पक्षाघात झालेल्यासाठी जो स्पॅनिश शब्द आहे त्याचा तो अपभ्रंश. त्याच्या जोडीला 'बोडिग' असा दुसराही रोग होता. त्यात माणूस मंद होई, हात कापत, चेहरा दगडासारखा होई आणि स्मृती जाई. कंपवात आणि बुद्धिभ्रंश यांची जणू युती. १९६१ मध्ये हिरानो, कर्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे शास्त्रीय वर्णन केले. एकाच कुटुंबात एका भावाला लिटिको, दुसऱ्याला बोडिग, आणि एखाद्या अभाग्याला दोन्ही! तो काळ असा होता, की प्रौढ चामोरो माणसांच्या मृत्यूंपैकी सहा-सात मृत्यूंमागे एक या दोन रोगांपैकी कशाने तरी होई. दक्षिणेकडच्या उमाटॅक या खेड्यात तर कहर होता. जपानच्या की द्वीपकल्पातली काही गावे आणि पश्चिम न्यू गिनीतला एक प्रदेश, अशी आणखी दोनच ठिकाणे त्या काळी सापडली.

कारण काय? रक्तातून म्हणावे, तर साधा आनुवंशिक हिशेब जुळेना. ग्वामवर सायकसची झाडे पुष्कळ. ताडासारखी दिसणारी, पण ताडाहून कितीतरी जुन्या वंशाची. तिच्या बियांना 'फादांग' म्हणतात. त्या विषारी असतात हे चामोरो बायकांना ठाऊक होते. त्या कापायच्या, दिवसचे दिवस पाणी बदलत भिजवायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि मग त्यांच्या भाकऱ्या. आपल्याकडे कडू सुरण किंवा रानकंद निवविण्याचा जो खटाटोप असतो तशातलाच हा प्रकार. युद्धकाळात धान्य मिळेना तेव्हा फादांगवर भर पडला. मार्जोरी व्हायटिंग या आहाराच्या अभ्यासिकेने या बियांवर बोट ठेवले. १९८७ मध्ये पीटर स्पेन्सर यांनी बियांतले एक विष माकडांना भरपूर खाऊ घालून त्यांचे हातपाय लटके पडलेले दाखविले. लोकांना वाटले, चोर सापडला! पण धुतलेल्या पिठात ते विष इतके थोडे उरते, की माणसाला तेवढे मिळायचे तर पोतीच्या पोती खावी लागतील, असा हिशेब लगेच पुढे आला. मग २००२ मध्ये पॉल कॉक्स आणि प्रसिद्ध लेखक-डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनी नवी कल्पना काढली. सायकसच्या बिया वटवाघळे खातात, त्यांच्या अंगात विष साठते, आणि चामोरो लोक मेजवानीला वटवाघळे खातात. युद्धानंतर हाती बंदुका आल्या, वटवाघळे संपत आली आणि रोगही ओसरला. गोष्ट मोठी बेमालूम जुळते, आणि म्हणूनच मला तिचा थोडा संशय येतो. सर्वांनी मान्य करावा असा पुरावा तिलाही मिळालेला नाही. माती-पाण्यात कॅल्शियम कमी आणि ॲल्युमिनियम जास्त, असेही एक मत होऊन गेले.

मात्र एक गोष्ट दप्तरांनी निःसंशय दाखविली. शतकाच्या मध्यानंतर हा रोग ग्वामवर उतरणीला लागला. जी पिढी युद्धानंतर डबाबंद अन्नावर, पगारी नोकरीवर, नव्या राहणीत वाढली तिला लिटिकोने जवळजवळ सोडून दिले. कोणतेही औषध न देता रोग निघून गेला! याचा अर्थ जे काही होते ते त्या बेटाच्या जगण्यात होते, केवळ रक्तात नव्हते. चोर पकडला गेला नाही, पण तो घरातलाच होता आणि घर बदलताच निघून गेला, एवढे कळले.

ग्वामने आणखी एक शंका जागी केली: स्नायूंचा रोग आणि बुद्धीचा रोग हे खरेच परके आहेत काय? पूर्वीची पुस्तके ठामपणे सांगत, की या रोगात बुद्धी अखेरपर्यंत निर्मळ राहते. हॉकिंगसारख्यांकडे पाहून ते पटेही. परंतु आज ठाऊक आहे, की शेकडा दहा-पंधरा रोग्यांना मेंदूच्या पुढच्या भागाचा बुद्धिभ्रंश होतो आणि जवळजवळ निम्म्यांच्या विचारात वा वागण्यात थोडाबहुत फरक पडतो. २०११ मध्ये नवव्या गुणसूत्रावर एक दोष सापडला. त्याने एकाच घरात एकाला हा रोग होतो, तर दुसऱ्याला तो बुद्धिभ्रंश. घराण्यात चालत आलेला रोग शंभरात पाच-दहा जणांनाच असतो, हे येथे सांगून ठेवलेले बरे. नाहीतर मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत भलतीच शंकाकुशंका निघायची.

आणखी एक लक्षण असे आहे, की ज्यामुळे घरोघर गैरसमज होतात. काही रोग्यांना अकारण रडू फुटते, नाहीतर हसू. शेजारी कोणी गेल्याची बातमी सांगावी आणि रोगी खदखदा हसू लागतो. सुनेला वाटते सासरे आपली चेष्टा करतात. मुलगा समजतो बाबांना वेड लागले. यांतले काही खरे नसते. हसण्यारडण्याला लगाम घालणारे मेंदूतले धागे तुटलेले असतात, मनात त्या वेळी हसूही नसते आणि रडूही नसते. यावर औषध आहे, पण ते मागण्यासाठी आधी हा रोगाचाच भाग आहे हे कळायला हवे.

खेळाडूंची गोष्टही मृत्यूच्या दप्तरांतूनच पुढे आली. इटलीत १९७० ते २००१ या काळात खेळलेल्या ७३२५ व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी झाली. हिशेबाने एकाला रोग व्हावा की न व्हावा, तेथे पाच सापडले. पुढे २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७६७६ माजी खेळाडूंचे मृत्यू तपासले गेले. हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते इतर लोकांपेक्षा कमी मेले होते. मोटर न्यूरॉनच्या रोगाने मात्र सुमारे चौपट. चेंडू डोक्याने मारणे याला कारण, की अतिश्रम, की आणखी काही, यावर वाद चालू आहे. चौपट म्हटले तरी मुळात संख्या लहान, म्हणून पोराला मैदानावर धाडू नये असे कोणी समजू नये.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९७० मध्ये मद्रासच्या मीनाक्षीसुंदरम्, जगन्नाथन् आणि राममूर्ती या डॉक्टरांनी एक वेगळाच नमुना प्रसिद्ध केला. रोगी तरुण, हातपाय वाळलेले, चेहऱ्याचे व घशाचे स्नायू दुबळे, आणि कानांनी ऐकू येईनासे झालेले. पण रोगाची चाल अगदी मंद, वर्षानुवर्षांची. जगभर आज तो 'मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज' म्हणून ओळखला जातो. याखेरीज ऐन विशीतल्या मुलाचा एकच हात वाळतो, काही वर्षे वाढून रोग आपोआप थांबतो, असाही एक प्रकार आहे. जपानच्या हिरायामा यांनी तो १९५९ मध्ये सांगितला, आणि बंगलोरच्या डॉ. गौरी-देवी यांनी १९८४ मध्ये आपल्याकडचे रोगी दाखवून दिले. यात मरण नाही. तेव्हा मुलाचा पंजा वाळला म्हणून लगेच घरात रडारड करू नये; चांगल्या तज्ज्ञाला दाखवावे.

बंगलोरच्याच निम्हान्स संस्थेने तीस वर्षांत पाहिलेल्या ए. एल. एस.च्या ११५३ रोग्यांचा आढावा २००८ मध्ये छापला. रोग सुरू होण्याचे सरासरी वय निघाले ४६, आणि निम्मे रोगी जगतात तो काळ निघाला ११४ महिन्यांहून अधिक, म्हणजे साडेनऊ वर्षे! युरोपात तीन, आपल्याकडे साडेनऊ! आनंद होतो खरा, पण जरा थांबून पाहावे. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयाची पायरी कोण चढतो? कमावता, चाळिशीतला माणूस. सत्तरीच्या आजीची जीभ जड झाली, घास उतरेना, तर "वय झाले" म्हणून ती घरीच निजते आणि घरीच जाते. तिची गणना कोठे होणार? आपला रोग खरोखर मवाळ आहे, की आपली मोजणी अपुरी आहे, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

मोजणी अपुरी आहे हे मात्र उघड आहे. भारतात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाला डॉक्टरने लिहिलेले कारण जोडलेले असते. आणि जोडलेले असते तेथे काय लिहितात? "हृदयक्रिया व श्वासक्रिया बंद." अहो, ती तर प्रत्येकाचीच बंद होते! छापील नमुन्यात ओळी व्यवस्थित आखलेल्या आहेत: वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे घडले ते, आणि सर्वांत खाली मूळ रोग, शिवाय सोबतच्या इतर विकारांना वेगळी जागा. वर न्यूमोनिया लिहावा, खाली मोटर न्यूरॉन डिसीज लिहावा, सोबत मधुमेह वा बुद्धिभ्रंश असेल तर तोही. जागतिक आरोग्य संघटनेची मोजणी मूळ रोगावर चालते. खालची ओळ कोरी राहिली की तो माणूस न्यूमोनियाच्या खात्यात जमा होतो. ग्वामचे कोडे निदान मांडता तरी आले, कारण तेथे कोणीतरी खालची ओळ भरली होती.

मरण श्वासाच्या वाटेने येते हे या दप्तरांनी दाखविले, तेव्हा उपायही त्याच वाटेवर शोधला गेला. रात्री नाकातोंडावर मुखवटा लावून हवा देणारे बायपॅप यंत्र आता आपल्याकडे भाड्यानेही मिळते. इंग्लंडात न्यूकॅसल येथे ४१ रोग्यांवर प्रयोग करून २००६ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांचा घसा बऱ्यापैकी शाबूत होता त्यांचे आयुष्य या यंत्राने सुमारे २०५ दिवसांनी लांबले, आणि ते दिवस चांगल्या झोपेचे गेले. ज्यांचा घसा पार गेला होता त्यांचे आयुष्य त्याने लांबले नाही, पण त्रास थोडा हलका झाला. १९९५ पासून मिळणारे रिलुझोल हे औषध सरासरीने दोन-तीन महिने देते. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले टोफरसेन एका विशिष्ट गुणसूत्रदोषाच्या थोड्या रोग्यांपुरते आहे. म्हणजे गोळीपेक्षा मुखवटा बरा, असा सध्याचा भाव आहे. पोटात नळी बसवून अन्न देणेही श्वास फार खालावण्याच्या आधी करावे लागते. उशीर झाला की ती छोटी शस्त्रक्रियाही जोखमीची होते. म्हणून दर तीन महिन्यांनी फुफ्फुसाची ताकद मोजून घ्यावी, आणि सकाळची डोकेदुखी डॉक्टरला न विसरता सांगावी.

शेवटचा निर्णय सर्वांत कठीण. गळ्याला छिद्र पाडून कायमचे श्वासयंत्र लावले तर माणूस आणखी कित्येक वर्षे जगू शकतो. हॉकिंगच्या गळ्याला १९८५ मध्ये छिद्र पाडावे लागले. त्याचा उरलासुरला आवाज गेला, आयुष्य मात्र पुढे तेहतीस वर्षे चालले. जपानात पुष्कळ रोगी हा मार्ग घेतात, युरोपात थोडे. आपल्याकडे हा निर्णय बहुधा कोणी घेतच नाही. मध्यरात्री श्वास लागतो, धावपळ करून रुग्णालयात नेतात, नळी घातली जाते, आणि मग घरच्यांना कळते की ती आता निघणार नाही. खर्च, घरात चोवीस तास माणूस, वीज गेली तर काय, हे सगळे प्रश्न त्यानंतर उभे राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. श्वासयंत्र हवे की नको, कोणत्या टप्प्यापर्यंत हवे, आपल्या वतीने कोणी बोलायचे, हे त्यात लिहिता येते. या रोगात पेन धरणारी बोटे आणि बोलणारी जीभ पुष्कळदा श्वासाच्या आधी जातात. तेव्हा हा कागद पहिल्या वर्षातच करावा, आणि त्याची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे व एक घरात जो रात्री फोन उचलतो त्याच्याकडे ठेवावी.